कुळथातले स्क्रू

उन्हात घातलेली वस्तू बिघडते, हे सुगंधाबाईंना पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमसुलं, सुके बांगडे, गोधड्या, गावाहून आलेलं कडधान्य, सगळं उन्हानं सुधारतं. त्यात इस्पितळातल्या डॉक्टरानंच बजावलेलं, की जयवंताचं अंथरूण-पांघरूण, कपडे, जे जे त्याच्या श्वासाजवळ होतं ते चार दिवस कडक उन्हात घाला, क्षयाचे जंतू उन्हाला भितात. आता श्वासाजवळ म्हणाल तर त्या अकॉर्डियनइतकं दुसरं काय होतं? सदा पट्ट्यांनी छातीला बांधलेला.

हा अकॉर्डियन म्हणजे मायलेकांतलं जुनं भांडण. गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा कुणाच्या तरी सामानातून निघालेला, जयवंतानं तो आणला आणि मिलमधलं बदली कामगाराचं काम सोडून लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला लागला. सुगंधाबाई त्याला डबा म्हणायच्या. नवऱ्याच्या मागं खानावळ चालवून वाढवलेला एकुलता एक मुलगा डबा बडवत फिरतो, हे त्यांना सोसवलं नाही. पुढं जयवंताला रक्ताची उलटी झाली, आणि इस्पितळात न्यायला गाडी दारात उभी असताना त्या चाळीसमोर बोलून गेल्या, की या डब्यानंच तुझी छाती खाल्ली, तू गेलास की चुलीत घालते बघ. गाडीत बसताना जयवंतानं एकदा मागं वळून खोलीच्या दाराकडं बघितलं. आईकडं नव्हे.

ते बघणं सुगंधाबाईंना अकरा महिने पुरलं.

वैशाखात त्यांनी अंगणात बाज टाकली. एका अंगाला गादी, एका अंगाला चादरीवर गावचे कुळीथ, आणि मध्ये अकॉर्डियन. शेजारची रत्नप्रभा म्हणाली, अहो, वाजायची वस्तू कुणी उन्हात घालतं का. सुगंधाबाईंनी तिला तुझ्या नवऱ्याची धोतरं आधी वाळव म्हणून घरात पाठवलं. आणि तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण गादी नुसती वरून तापवून भागत नाही, ती उसवून कापूस मोकळा करतात, हे त्यांच्या हाताला ठाऊक. रोग आत असतो. त्यांनी सुरीच्या टोकानं पुढच्या जाळीचे चार पितळी स्क्रू काढले, भाता धरून ठेवणारे अकरा बारीक खिळे उपसले, सगळे एका ताटलीत घातले आणि डबा फुगलेल्या भाकरीचे दोन पदर उघडावेत तसा उघडून उन्हाकडं तोंड करून ठेवला. चार दिवस.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कुळीथ गोळा करताना चादर ओढली गेली आणि ताटली कलंडली. खिळे आणि स्क्रू, दोन्ही कुळथांच्या रंगाचे. त्या वाकून शोधायला लागल्या, तेवढ्यात अकॉर्डियनकडं नजर गेली. आतून पिवळं मेण ओघळून लाकडावर थिजलं होतं, आणि त्या मेणात ज्या पितळी पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्यांतून सूर निघतो, त्या घसरून तळाला एकावर एक पडल्या होत्या. डबा हलवला तर खुळखुळा वाजावा तसा वाजला.

सुगंधाबाई बाजेवर बसल्या. घात झाला हे कळायला शाळा लागत नाही. त्यांच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की जयवंताला हे मुद्दाम केलंय असंच वाटणार. चुलीत घालते म्हणालेली बाई. चूल नाही, ऊन वापरलं.

आणि आठच दिवसांत त्याचं पत्र आलं. अक्षराला अक्षर जोडत त्यांनी ते वाचलं. ऑपरेशन झालंय, बारा दिवसांनी सोडतायत. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: आये, बाजा असला तर काढून ठेव.

असला तर. त्या दोन शब्दांवर त्यांचं बोट बराच वेळ अडकून राहिलं.

दोन दिवस त्या कुळीथ निवडत बसल्या. कुळथाचा अख्खा डबा, दाणा न् दाणा. खानावळीतल्या माणसांना वरणभातावर ठेवलं आणि कुणी तोंड वाकडं केलं तर घरी बायकोकडं जा म्हणून सांगितलं. अकराच्या अकरा खिळे मिळाले. स्क्रू दोनच. अंगण झाडलं, माती चाळणीनं चाळली. उरलेले दोन गेले ते गेलेच.

मग अकॉर्डियन गोधडीत बांधून, कमरेवर घेऊन त्या मुलुंडला गेल्या. तिथं दशरथ मिस्त्री भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचा. त्यानं गाठोडं सोडलं, आत बघितलं आणि विचारलं, मावशी, हे कुणी केलं. सुगंधाबाईंनी उंदीर म्हटलं. दशरथ म्हणाला, उंदीर स्क्रू काढत नाहीत. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं, पण त्याच्याकडं न बघता, भिंतीवर टांगलेल्या भात्यांकडं बघत. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

मेण तो नव्यानं ओतणार होता, पट्ट्या एकेक लावून सूर जुळवणार होता. अडचण बारीकसारीक वस्तूंची. परदेशातून येणारा माल सरकारनं आवळलेला, त्यामुळं अकॉर्डियनचा स्क्रू मिळायचा तर दुसऱ्या मेलेल्या अकॉर्डियनमधूनच. पेटीचा स्क्रू जाड, त्याचे आटे वेगळे. दशरथकडं एक पत्र्याची डबी होती, असल्याच गेलेल्या बाज्यांतून काढलेल्या सामानाची. ती त्यानं कागदावर ओतली. त्यात बरोब्बर एक स्क्रू निघाला. आणि पट्ट्या बघताना त्याला आणखी एक दिसलं. मधल्या सप्तकातली एक पट्टी तडकली होती. तिच्या जोडीची डबीत नव्हती. मुंबईतही असेल असं त्याला वाटेना.

सुगंधाबाईंनी तरी सोडलं नाही. अंधेरीला एक फिरंगी मास्तर व्हायोलिन शिकवतो असं कळलं, तिथं गेल्या. त्यानं चहा पाजला आणि पट्टी नाही म्हणून सांगितलं. बोरिवलीला बँडवाल्याकडं गेल्या; त्यानं तर दारातूनच हात हलवला. आठ दिवस हे चाललं. शेवटी घाटकोपर स्टेशनजवळच्या माणिक घड्याळजीनं एका बंद पडलेल्या टाइमपीसच्या पोटातून एक स्क्रू काढून दिला. पोलादी, आणि आखूड. बसेल म्हणाला, पण जास्त पिळू नका, आटे जातील.

दशरथनं बाजा जोडून दिला. सूर मात्र एक मुकाच राहिला.

जयवंत ठरल्या दिवशी आला. चाळीतल्या दोघांनी धरून जिना चढवला. सुगंधाबाईंनी त्याचा सदरा बदलताना बघितलं आणि तोंड फिरवलं. डाव्या बाजूच्या बरगड्या काढल्या होत्या. खांदा खाली उतरलेला, काखेखाली खळगा, आणि डावा हात छातीपर्यंतही उठत नव्हता. ऑपरेशन म्हणजे हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी नीट विचारलं नव्हतं. अकॉर्डियनचा भाता डाव्या हातानंच ओढायचा असतो, एवढं त्यांनाही इतक्या वर्षांत कळलं होतं.

चार दिवस कुणीच अकॉर्डियनचं नाव काढलं नाही. तो कोपऱ्यात गोधडीखाली होता आणि जयवंताची खाट त्याच्यासमोर. पाचव्या दिवशी दुपारी जयवंत म्हणाला, "आये, दे तो इकडं."

त्यांनी तो त्याच्या मांडीवर ठेवला. पट्टा नुसता उजव्या खांद्यावर घातला. जयवंतानं डावा हात भात्याच्या पट्ट्यात सरकवला, ओढून बघितला. भाता बोटभर उघडला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. मग सुगंधाबाई काही न विचारता त्याच्या डाव्या अंगाला बसल्या आणि त्यांनी ते टोक दोन्ही हातांनी धरलं.

"हळू," तो म्हणाला. "पिठाच्या गोणीगत ओढू नको."

त्यांनी हळू ओढलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून चालू लागली. लग्नात वरात निघताना वाजवायचा तसलं काहीतरी, पण संथ. चाळीतली माणसं दारात आली. मध्येच एका जागी बोट पडलं आणि नुसता वारा आला. जयवंत थांबला. त्यानं तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा वारा. सुगंधाबाईंनी उंदराचं उत्तर तयार ठेवलं होतं, ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

त्यानं जाळीवर बोट फिरवलं. तीन पिवळे, एक पांढरा. स्क्रूच्या कडेला नवं मेण चिकटलं होतं, ते नखानं काढून त्यानं हुंगलं.

"उन्हात घातलास?"

"मुद्दाम नाय रे झिला. माका वाटला, ऊन लागला तर रोग जातलो."

त्यानं ते मेण बोटांत मळलं. मग म्हणाला, "मी धरूनच चाललो होतो, की तू जाळला असशील." आणि भाता ओढ म्हणून मानेनं खूण केली. पुढं त्यानं ती मुकी पट्टी टाळून वाजवलं. जिथं तो सूर यायचा तिथं बोट बाजूला टाकून पुढं जायचा. ऐकणाऱ्यांना कळलंसुद्धा नसेल. सुगंधाबाईंना प्रत्येक वेळी कळलं.

वाजवून झाल्यावर तो खाटेवर कलला. श्वास लागला होता. डोळे मिटून म्हणाला, "त्या मिस्त्रीला देऊन टाक. उघडून घेऊ दे त्याला. कुणाला तरी खिळे लागतील, सूर लागतील."

"माझे अकरा खिळे मी कुणाला देत नाय," त्या म्हणाल्या. "तुझा हात बरा होईल तेव्हा काय वाजवशील?"

"आये. बरगड्या परत येत नाहीत."

सुगंधाबाईंनी अकॉर्डियन उचलून परत गोधडीखाली ठेवला.

तो आठवडा त्यांनी जाऊ दिला. मग बाजा गोधडीत बांधून, कमरेवर घेऊन मुलुंडला गेल्या. दशरथनं काय झालं विचारलं नाही. जयवंत जिवंत आहे ना, एवढंच विचारलं. मग स्क्रू काढायला बसला. एकेक काढून त्याच पत्र्याच्या डबीत टाकत गेला, आणि प्रत्येक पडताना बारीक आवाज झाला. सुगंधाबाई उभ्या राहून बघत होत्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. चौथा स्क्रू, पांढरा, डबीत पडला तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि जायला वळल्या. मग उंबऱ्यात थांबल्या.

"तो पांढरा आहे ना, तो घड्याळजीचा," त्या म्हणाल्या. "आखूड आहे. कुणाला बसवलास तर त्याला सांग, जास्त पिळू नको म्हणून."