गप्प खुर्चीवरचा एक तास

मित्रांनो, चार पाय, दोन हात आणि एक पाठ असूनही मी आयुष्यात स्वतःहून कुठे गेले नाही. मी खुर्ची आहे. जुनी आहे हे तुम्हाला एका नजरेत कळेल, त्यामुळे ते वेगळे सांगत नाही.

एका छोट्या विद्यापीठाच्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. सुताराला परीक्षा विभागासाठी चाळीस खुर्च्या करायच्या होत्या. मी एकेचाळिसावी, उरल्यासुरल्या लाकडाची. माझा उजवा हात डाव्यापेक्षा चांगला चार बोटे रुंद निघाला. "ही द्या कुणाच्या तरी गळ्यात," सुतार म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर लेखन आणि अध्यापन शिकवणारा एक विभाग होता. त्यांच्याकडे खुर्च्या नेहमी कमी आणि मते नेहमी जास्त. मी त्यांच्या गळ्यात पडले.

तिथे येणारे विद्यार्थी पदवी घेतलेले, संसाराला लागलेले असत. अभ्यास दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी लिहायचे आणि दुसऱ्या वर्षी लिहिता लिहिता नव्यांना शिकवायचे. आठवड्यातून एकदा सगळे मोठ्या टेबलाभोवती जमत आणि कुणा एकाच्या कथेची चिरफाड करीत. ज्याची कथा असेल त्याने माझ्यावर बसायचे आणि तासभर तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तो वर्ग घेणाऱ्या सरांचा नियम.

"पुस्तक छापून आल्यावर काय वाचणाऱ्याच्या मागे पळत जाणार आहात?" सर म्हणत. "मला असं म्हणायचं नव्हतं हो, असं सांगत? मग आत्तापासूनच सवय करा."

माझे नाव गप्प खुर्ची पडले. मला त्याचा अभिमान होता, का लपवू? माझ्यावर बसून लोकांनी नखे खाल्ली, ओठ चावले, रुंद हातावर बोटांनी तबला वाजवला. उठताना बहुतेक जण थोडे शहाणे होऊन उठत. काही नुसतेच उठत. पाहुणे आले की सर मला थोपटून सांगत, "आमची खरी शिक्षिका ही."

एका वर्षी एक शाळामास्तरीण आली. वय पंचेचाळीसच्या पुढे. सगळे तिला बाईच म्हणत. शाळेतून वर्षाची रजा काढून ती आली होती. दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली तरच रजा वाढणार होती, नाहीतर पुन्हा खडू आणि फळा. जागा द्यायची की नाही, हे सर वर्षअखेरच्या कथेवरून ठरवीत. बाईंनी वडिलांवर कथा लिहिली होती.

आता चूक कशी झाली ते ऐका. बाकीचे टंकलेल्या कथा देत, बाई हाताने लिहीत. शाळेत कागद वाचवायची सवय लागलेली, म्हणून सहा कागदांवर पाठपोट लिहिलेली बारा पाने झाली. त्यांना आकडे घालायचे राहिले. घाईघाईत बाईंनी कागद झेरॉक्स यंत्रात सारले. यंत्राने फक्त पुढची बाजू घेतली, आणि बाईंनी न पाहताच गठ्ठे वाटून टाकले. वर्गापुढे आली ती निम्मी कथा.

तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी लक्षात येईल. एखाद्या किराणा दुकानदाराच्या लगेच आले असते. पण ही साहित्य शिकलेली माणसे!

"प्रत्येक पान अर्ध्या वाक्यावर तुटतं," जाड चष्म्याचा एक जण म्हणाला. "किती धाडसी! ही पोकळीच बोलतेय."

बाई दचकल्या. मांडीवरच्या मूळ कथेचा एक कागद त्यांनी उलटून पाहिला, तेव्हा त्यांना उमगले. त्यांची मूठ माझ्या उजव्या हातावर आवळली गेली.

"मला नाही पटलं," पूर्वी बातमीदार असलेली एक जण म्हणाली. "बाप शिंपी आहे, एवढंच कळतं. बाकी नुसत्या तक्रारी. बाबा कधी शाळेत आले नाहीत, बाबा कधी शाबास म्हणाले नाहीत. या बाईचं बापावर प्रेम होतं असं वाटतच नाही."

बाईंचे वडील त्याच वर्षी गेले होते. हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हते.

एक वाक्य पुरले असते. पण जन्मभर पोरांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगणारी ती मास्तरीण नियम मोडेना. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या नावाची पहिल्यांदा लाज वाटली.

तास संपताना सर म्हणाले, "वडील उभेच राहत नाहीत. पुढच्या वर्षाचं अवघड दिसतंय. बोला बाई, आता बोला."

आता बोलायची मुभा होती, तरी "काही नाही सर. आभारी आहे," एवढे पुटपुटून त्या उठल्या आणि निघून गेल्या. सहा कागद माझ्यावरच राहिले.

खोली रिकामी झाल्यावर सरांना ते दिसले. उभ्या उभ्याच ते चाळू लागले. एक कागद उलटला, दुसरा उलटला, आणि ते मटकन माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्यावर बसत होते.

पुढच्या आठवड्यात बाई नाव काढून घेण्याचा अर्ज घेऊन आल्या. सगळा वर्ग टेबलाभोवती होता आणि सर माझ्यावर बसले होते.

"बाई, चूक माझी आहे," सर म्हणाले. "इतकी वर्षं शिकवतोय, आणि कागदाला मागची बाजू असते हे..."

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या खुर्चीवर बसलेल्यानं बोलायचं नसतं."

कुणाला तरी हसू फुटले आणि लगेच विरले. सरांनी तोंड मिटले व सहा कागद पुढे केले. बाईंनी अर्ज टेबलावर ठेवून वाचायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला मुलीची तक्रार होती आणि मागच्या बाजूला तिचे उत्तर. बाबा कधी शाळेत आले नाहीत. कागद उलटला. बाबा दर वर्षी निकालाच्या दिवशी यायचे आणि फाटकाबाहेर उभे राहायचे. अंगभर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले; आपल्यामुळे पोरीला खाली पाहावे लागेल, म्हणून आत येत नसत. हे तिला ते गेल्यावर शाळेच्या शिपायाने सांगितले होते.

बातमीदार जागेवरून उठली आणि बाईंना पाणी आणून दिले. चष्मेवाला बराच वेळ चष्मा पुसत होता.

बाईंना जागा मिळाली. पुढे सर निवृत्त झाले आणि तो वर्ग बाईंकडे आला. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम मोडीत काढला. लिहिणाऱ्याला आधी विचारायचे, "तुमचं सगळं आमच्यापर्यंत पोचलंय ना?" मगच चर्चा. गप्प बसायचेच नाही म्हटल्यावर गप्प खुर्ची हवी कशाला? मला बाहेर काढले. आता मी बोळात झेरॉक्स यंत्राशेजारी असते, अंगावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे घेऊन. कुणी थोपटत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण बाईंचे चुकले असे मला म्हणवत नाही.

मित्रांनो, माझी पाठ हल्ली डुगडुगते. एक खिळा मारलात तर अजून वीस वर्षे काढीन. पण त्याआधी तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोण गप्प बसले आहे ते पाहा, आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. खिळ्याचे नंतर बघू.