हाफ-क्राउन आणि तीन पेनी

"इद्वल, मला कळा येतायत आणि तू टोपी शोधत बसलायस?" एलुनेदनं पलंगाची दांडी घट्ट धरली होती.

मी तसाच बोडका पळालो. पहिलं बाळ गेल्या हिवाळ्यात नर्स पोहोचायच्या आत गेलं होतं. या खेपेला तसं होऊ द्यायचं नव्हतं. नर्स पार्फिट राहायच्या डोंगरापलीकडे.

टेलिफोनच्या लाल खोक्यात शिरलो, तर खिशात एकच नाणं, हाफ-क्राउन. तेव्हा शिलिंगच्या बारा पेनी आणि हाफ-क्राउनच्या तीस. दहा फोन झाले असते, पण यंत्राला हव्या सुट्या तीन पेनी, आणि हाफ-क्राउन त्याच्या फटीत जातच नाही. सुट्या पेनी होत्या, त्या मीच शनिवारी पैजेत उडवल्या होत्या. दैव देतं आणि कर्म नेतं. रविवारची सकाळ, दुकानं बंद, झाडून सारी गल्ली चॅपलमध्ये.

मीही चॅपलमध्ये घुसलो. स्तोत्र चाललं होतं आणि मिस्टर प्रोबर्ट दानाचं ताट फिरवत होते. माझ्या बिअरवरून मला चारचौघांत झापणारे हेच. मी ताटात हाफ-क्राउन टाकला, तीन पेनी उचलल्या आणि धूम ठोकली.

"अरे ए, थांब," मागून प्रोबर्ट ओरडले. थांबतोय कशाला.

पेनी टाकल्या, नंबर फिरवला.

"हॅलो?" नर्सबाईंचा आवाज.

"बाई, लवकर या, एलुनेदला कळा सुरू झाल्यात."

"हॅलो? कोण बोलतंय?"

मी घसा फोडून सांगतोय आणि बाईंना काही ऐकूच जात नाही.

"पोरांनो, रविवारी तरी चेष्टा नको," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडलं. प्रोबर्ट, धापा टाकत.

"गाढवा, 'ए' बटण कोण दाबणार?" त्यांनी हात घालून ते दाबलं. ते दाबल्याशिवाय आपला आवाज पलीकडे जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या तीन पेनी खणखणत आत पडल्या.

"बाई, इद्वल बोलतोय. एलुनेदला कळा."

"निघालेच."

मी फोन ठेवला. "मिस्टर प्रोबर्ट, चोरी नाही केली मी. हाफ-क्राउन टाकलाय."

"पाहिलं मी." त्यांनी दुसरी मूठ उघडली. ताटातल्या मूठभर पेनी. "तीन कमी पडल्या तर, म्हणून धावलो. गेल्या हिवाळ्यात ती एवढीशी शवपेटी मीच उचलली होती. पुन्हा नाही उचलायची मला. जा घरी, ती एकटी आहे."