वाफेचा धडा

सरलानं फळ्यावर नदी काढली, काठावर पाण्यावर चालणारी कापडगिरणी काढली आणि ती वर्गाकडे वळली. आज चुकून चालणार नव्हतं. रायपूरच्या ह्या शाळेत सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर तिनं कायम करण्यासाठी अर्ज दिला होता, आणि शाळेचे सचिव यशवंतराव स्वतः पाठ ऐकायला मागच्या बाकावर बसले होते. शेजारी एक तरुण मुलगी भराभर लिहून घेत होती. तपासणीला आली असेल, असं सरलानं धरलं.

पहिल्या बाकावरच्या ईरानं हात वर केला.

"मैडम, पानी तो मुफ्त का था. फिर मालिक ने कोयला क्यों खरीदा?"

नदी आटते, वारा पडतो, वाफेचं तसं नाही, असं पुस्तकात होतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण प्रश्नानं सरलाला हुरूप आला. ती सांगू लागली, की पाण्याची गिरणी नदी असेल तिथेच न्यावी लागे. तिथे वस्ती नसे. मजूर लांबून आणायचे, त्यांना घरं बांधून द्यायची, आणि ते रुसले की चाक बंद. वाफेचं इंजिन मात्र भर शहरात मांडता येई. तिथे एकानं तोंड उघडलं, तर त्याच्या जागी यायला दहा तयार.

यशवंतरावांनी मान डोलावली. सरलाचा जीव भांड्यात पडला.

तास संपल्यावर ते व्हरांड्यात थांबले.

"झकास शिकवलं, सरलाबाई. ह्या मीनल. उद्यापासून तुमचे वर्ग ह्याच घेतील."

"अन् माझा अर्ज?"

"रायपूर आता राजधानी आहे नं, बाई. शिकलेल्या पोट्ट्या रोज अर्ज घेऊन येऊन राहिल्या. कायम काहून करायचं कोणाले?"

इतकं सहज बोलून ते निघूनही गेले. सरलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात मीनल वही छातीशी धरून पुढे आली.

"ताई, तुमच्या नोट्स मले भेटतील का? लई गरज आहे हो नोकरीची."

काहीतरी लागट बोलायला सरलानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा वर्षांपूर्वी ती ह्याच शब्दांत, तेव्हा हे वर्ग घेणाऱ्या सत्यभामाबाईंकडे नोट्स मागायला उभी होती. बाईंनी मुकाट्यानं वह्या काढून दिल्या होत्या. बाई आता कुठे जाणार, हे न विचारताच सरलानं त्या संध्याकाळी नोकरी लागली म्हणून आपल्या चौबे कॉलनीत घरोघरी पेढे वाटले होते.