पिल्लाचा दात

दीर रंगारी होता आणि बोलायला लागला की भिंतींनाही हसवेल असा. म्हणून हाताला मुंग्या येतात असं तो म्हणाला, तेव्हा वहिनीने शिलाई मशीनवरून मानही वर केली नाही.

"शिडी धरून धरून आल्या असतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने चहाचा कप ओठाशी नेला आणि भिरकावला. गळा आवळल्यासारखा झाला होता. पाण्याचं भांडं दिसलं तरी मान ताठ व्हायची. पंखा लावला, तर तो वाऱ्याला घाबरून कोपऱ्यात जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, घसा सुजला असेल. नवऱ्याने त्याला दवाखान्यात नेलं, वहिनीही सोबत गेली.

डॉक्टरीणबाईंनी घसा बघण्याआधी एकच विचारलं, "कुत्रं चावलं होतं का?"

"कुत्रं कुठलं, पिल्लू होतं," दीर म्हणाला. "नव्या घराचं काम चालू होतं तिथे, गोण्यांमागे. एवढंसं. बोटाला दात लागला. टर्पेंटाइनने पुसून टाकलं."

"इंजेक्शन घेतलंत?"

"पिल्लाचं कसलं इंजेक्शन घ्यायचं, बाई."

बाईंनी नवरा-बायकोला बाहेर नेलं. रेबीज आहे म्हणाल्या. त्याच दिवशी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली असती, लस घेतली असती, तर हा दिवस आला नसता. आता त्याला त्रास कमी व्हावा एवढंच हातात होतं.

वहिनीने विचारलं, "त्याला जेवायला काय देऊ?"

मधूनमधून तो अगदी शहाण्यासारखा बोलायचा. "वहिनी, लांब उभी राहा. थुंकी उडतेय तुझ्यावर." ती लांब गेली नाही. त्याचं तोंड पुसत राहिली. तिची बोटं सुयांनी टोचलेली, त्यांना लाळ लागली होती. तो गेला, त्याच दिवशी बाईंनी तिला लस घ्यायला सांगितलं.

लसीच्या रांगेत तिच्यापुढे एक पोस्टमन होता. पोटरीवर कुत्र्याच्या दाताचा ओरखडा. त्याने घड्याळ पाहिलं आणि वळला.

"नुसतं खरचटलंय. उद्या बघू."

वहिनीने त्याच्या पिशवीचा पट्टा धरला. "धुतलंत?"

"पाणी मारलं."

"साबणाने धुवा. तिकडे नळ आहे."

"तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. माझा दीर यानेच गेला," ती म्हणाली. ब्लाऊज तयार आहे, घेऊन जा, असं गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात.

पोस्टमन नळाकडे गेला. नळाखाली पाय धरून पोटरी चोळत राहिला, मग परत रांगेत येऊन उभा राहिला. वहिनीने त्याला आपल्या पुढची जागा दिली.

तिची पाळी आली. नर्सने विचारलं, "दुखलं का?"

वहिनीने दंडाकडे पाहिलं. सुई केव्हा टोचली, तेही तिला कळलं नव्हतं.