सिंकमधली दोन बोटं

मास्तर आणि त्यांचे सासरे अप्पा यांच्यात अबोला होता, आणि तो धरला गेला होता एका उंटावरून. बुद्धिबळातल्या उंटावरून. अप्पांनी डावात उंटाला हात लावला आणि मग म्हणाले, ही खेळी नव्हती, मी नुसता सरळ करत होतो. मास्तर म्हणाले, हात लावला की खेळायचं. झालं! पट तिथेच उधळला. पुढे अप्पांच्या घराचं रंगकाम निघालं, तसे ते मुलीकडे राहायला आले, पण बोलणं काही सुरू झालं नाही. एकाच टेबलावर बसून अप्पा लेकीला म्हणायचे, "त्यांना सांग, मीठ सरकवा." ती बिचारी तेच वाक्य समोरच्या नवऱ्याला ऐकवायची.

अशात सिंकखालचा पाइप गळायला लागला.

"त्यांना सांग, प्लंबर बोलवा. हे त्यांच्या आवाक्यातलं नाही," अप्पा म्हणाले.

एवढ्यावर मास्तर हट्टाला पेटले. बायको बाजारात गेल्याबरोबर त्यांनी बाह्या सरसावल्या, ओट्याखाली पाठीवर सरकले आणि बाकदार पाइपाची चाकी फिरवली. पाइप निघाला, त्यातलं सगळं बुळबुळीत पाणी छातीवर आलं. पण मास्तर डगमगले नाहीत. वरच्या जाळीत काहीतरी अडकलंय असं वाटून त्यांनी खालून दोन बोटं भोकांत घुसवली. बोटं वर गेली ती गेलीच. खाली यायचं नावच घेईनात. ओढावीत तर सांध्याशी अडायची.

घरात अप्पा होते. हाक मारली की आले असते. पण मास्तर मूग गिळून पडून राहिले.

थोड्या वेळाने अप्पाच आपला कप धुवायला आले. सिंकमधून दोन बोटं उगवलेली पाहून दचकले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"कोण आहे?"

बोटं हलली. अप्पांनी वाकून ओट्याखालचे पाय पाहिले आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. जावयाशी तर बोलायचं नाही. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बोटांशीच बोलायला सुरुवात केली.

"हो असेल तर एक बोट हलवा, नाही असेल तर दोन्ही. अडकलात?"

एक बोट हललं.

"प्लंबर बोलवू?"

दोन्ही हलली. जोरात.

"साबण लावू?"

एक बोट अगदी काकुळतीला येऊन हललं.

अप्पांनी साबण हातात घेतला, पण लावला नाही. गळ्यात माळ घालायच्या आधी नवरदेवाची चौकशी करावी तसे ते बोटांकडे बघत राहिले. "त्या दिवशी उंट मी नुसता सरळ करत होतो. मान्य?"

खाली चिखलात पडलेल्या, मान अवघडलेल्या, नाकावर शेवाळ टपकणाऱ्या मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग दोन्ही बोटं हलवली.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी साबण जागेवर ठेवला आणि शांतपणे नळ सोडून कप धुवायला घेतला. पाणी जाळीतून थेट मास्तरांच्या तोंडावर.

"अहो अप्पा! नळ बंद करा!"

नळ बंद झाला. "बोललात! आधी तुम्ही बोललात!"

"आधी तुम्ही. 'कोण आहे' कोणी विचारलं?"

"ते मी बोटांना विचारलं."

"बोटं काय शेजाऱ्यांची आहेत?"

यावर अप्पांना हसूच फुटलं. खालून मास्तरही हसायला लागले, आणि हसताना तोंडात पाणी जाऊन ठसका लागला. तेव्हा मात्र अप्पांनी लगबगीने साबण लावला. "ओढू नका, ढिली सोडा, मी वरून ढकलतो." बोटं सुटली. लालभडक, सुजलेली.

"दाखवा," अप्पा म्हणाले, आणि फुंकर घालत बसले.

मग दोघांनी मिळून पाइप तपासला. चाकीतलं रबरी वायसर चुरा होऊन हातात आलं. नवं आणायला जाण्याइतका धीर कोणालाच नव्हता. अप्पांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पायातली रबरी चप्पल काढून दिली.

बायको पिशव्या घेऊन आली तेव्हा ओट्याखालून चार पाय बाहेर आले होते, त्यातल्या एकाच पायात चप्पल होती.

"तुमच्या चपलेचं रबर जाड आहे हो अप्पा."

"जाड आहे म्हणूनच टिकेल. आतून कापा, आतून!"

"अगं बाई, काय चाललंय हे?" ती म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस गं!" दोघं एकदमच ओरडले.

तिने पिशव्या खाली ठेवल्या, ती खोलीत गेली, दार लोटलं आणि आडवी झाली. दुपारी तिला अशी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पाइप गळायचा थांबला.