चंद्रभान गजभिये हळू टाकत नाही

"चंदू, दोन ओव्हर झाल्या तुझ्या. बॉल घास अन् इकडं दे." मिडऑफवरून कॅप्टन मारोतरावांनी हात पुढे केला.

चंद्रभान गजभियेने चेंडू दिला नाही. तो अजून लालभडक होता. त्याने तो पँटीवर मांडीशी घासून आणखी चमकवला आणि रन-अपच्या खुणेकडे चालू लागला.

"ऐकू नाही येऊन राहिलं काय तुले?"

"येऊन राहिलं, मारोतराव. पण हा ओपनर मागं सरकून राहिला. पाय पाहा त्याचे. एक ओव्हर द्या मले."

एकाहत्तरच्या जानेवारीतली ती सकाळ होती. रणजीचा सामना, गवतावर अजून दंव. त्या काळी जोरात टाकणाऱ्याला आपल्याकडे कामच तेवढं असे. नव्या चेंडूची दोन-तीन षटकं टाकायची आणि मग तोच चेंडू जमिनीवर घासून त्याची चकाकी घालवायची, म्हणजे फिरकीवाल्यांच्या बोटांना तो नीट धरता येई. चंद्रभान सहा हंगाम हेच करत आला होता. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतून सायकलने यायचं, बावीस पावलं धावत येऊन बारा चेंडू टाकायचे आणि उरलेला दिवस सीमारेषेवर उभं राहायचं. आज तो एकतीस वर्षांचा होता, आणि आज त्याला तेरावा चेंडू टाकायचा होता.

मारोतराव वकील होते. भर मैदानात तमाशा नको, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी हात खाली घेतला.

तेरावा चेंडू टप्पा पडून उसळला आणि ओपनरच्या बॅटची कड घेऊन स्लिपकडे गेला. स्लिपमधला गडी फिरकीच्या सवयीने चार पावलं पुढे उभा होता. चेंडू त्याच्या बोटांना चाटून थेट सीमेपार गेला. त्याने बोटं तोंडात घातली आणि चंद्रभानकडेच रागाने पाहिलं.

षटक संपल्यावर मारोतरावांनी स्वतः चेंडू उचलला. उकिडवे बसून, राखेने भांडं घासावं तसा तो मातीत खरखरून घासला आणि डावखुऱ्या फिरकीवाल्याच्या हातात दिला. त्या सामन्यात चंद्रभानला पुन्हा गोलंदाजी मिळाली नाही.

संध्याकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर गणपतरावांनी त्याला चहा पाजला. गणपतराव निवड समितीत होते. एके काळचे यष्टिरक्षक, दोन्ही हातांची बोटं वाकडी झालेली. माणूस मनाने चांगला.

"तुही उंची हाय, पंजा मोठा हाय. ऑफस्पिन टाक ना गा! दोन सीझन टीममधी पक्का राहशील. सरकारी हापिसात खेळाडू म्हणून जागा निघून राहिली. मी शब्द टाकतो. मिलची रातपाळी सुटन. गुडघा बी वाचन."

"अन् जोरात कोण टाकन?"

"आपल्या पिचवर जोरात टाकून कोणाचं भलं झालं, सांग बरं?"

चंद्रभानने चहाचा घोट घेतला. कापड मिलच्या लूम खात्यात त्याचे वडील आयुष्यभर उभे राहिले होते, आता तो उभा राहत होता. सोळा वर्षांचा असताना, छप्पन साली, वडिलांचं बोट धरून नव्हे तर खांद्याला खांदा लावून तो दीक्षाभूमीवरच्या गर्दीत गेला होता. घरी परतताना वडील म्हणाले होते, आता मान खाली घालून चालायचं नाही. क्रिकेटबद्दल ते काही बोलले नव्हते; क्रिकेट त्यांना कळतही नव्हतं. चंद्रभान मात्र मान वर ठेवून धावायला शिकला तो कॉर्कच्या चेंडूनेच. हे सगळं गणपतरावांना चहाच्या कपावर कसं सांगणार? त्याने कप खाली ठेवला आणि "पाहतो" म्हणाला.

घरी त्याने बायकोला, जयवंताला, नोकरीचं सांगितलं. ती शेगडीवर भाकर टाकत होती. दोन्ही पोरी तिच्यामागे पाटीवर काहीतरी गिरवत होत्या.

"मंग? कवा जॉइन व्हाचं?"

"स्पिन टाका लागते वं त्यासाठी. हळू."

"तं टाका हळू. कोण मना केलं?"

"हळू टाकणारा माणूस मी नाही. दुसराच कोणी होईन मी."

जयवंताने भाकर उलटली. "दुसरा बी चालते मले. दिवसा कामाले जाईन अन् रातच्याले घरी राहीन, असा."

पोरी फिदीफिदी हसल्या. चंद्रभानही हसला. पण जयवंता हसली नव्हती, हे त्याला जेवताना कळलं.

सप्टेंबरात निवड चाचणी झाली. झाडाखाली तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत गणपतराव. बाजूला मारोतराव उभे. नेटमध्ये एक चांगला खेळणारा फलंदाज होता. चंद्रभानने जोरात चार चेंडू टाकले. कोणी मान वर केली नाही. मग गणपतरावांनी हाक दिली, "चंदू, आता थो दुसरा दाखव, हळूवाला."

चंद्रभान क्षणभर थांबला. जयवंताचा चेहरा त्याला आठवला असेल. तो फक्त तीन पावलं चालत आला आणि मोठ्या पंजातून चेंडू सोडला. चेंडू हवेत वर गेला, रेंगाळला, ऑफ स्टंपच्या बाहेर पडला आणि हातभर आत वळला. फलंदाजाची बॅट आणि पॅड यांच्यामधून जाऊन त्याने मधली यष्टी पाडली.

तिन्ही खुर्च्यांवरून टाळ्या आल्या. मारोतरावही "वा!" म्हणाले.

"पाहा, येते तुले!" गणपतराव उठून उभे राहिले. "उगाच इतकी वर्सं वाया घातली. आणखी टाक."

चंद्रभानने नेटमधून परत आलेला चेंडू घेतला आणि मागे चालू लागला. तीन पावलं झाली, दहा झाली. विसाव्या पावलाला गणपतरावांचा चेहरा उतरला.

"अबे, तिकडं कुठं चालला?"

चंद्रभान बाविसाव्या पावलाला वळला. "येते मले, साहेब. काल बी येत होतं. येत नाही म्हणून टाकत नाही, असं कोणी म्हणू नये, म्हणून एक टाकून दाखवला."

आणि तो धावत आला. तो चेंडू किती जोरात होता हे मोजायला तेव्हा कुठलं यंत्र नव्हतं. फलंदाज बाजूला झाला आणि मागची जाळी बांबूसकट कलली, एवढं पाहणारे सांगतात.

यादीत त्याचं नाव आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही.

सरकारी जागा डावखुऱ्या फिरकीवाल्याला मिळाली. पुढे त्याने धरमपेठेत घर बांधलं. जयवंताने बिड्या वळायला घेतल्या. सुरुवातीचे काही महिने ती चंद्रभानशी कामापुरतं बोलायची. तो रातपाळी करून सकाळी घरी येई, तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन बसलेली असे आणि तंबाखूने तिला सारखी शिंक येई. ती शिंकली की चंद्रभान दुसरीकडे बघे. आपण बरोबर केलं याची त्याला खात्री होती. पण त्याची किंमत एकट्याने भरता येत नाही, हे त्याला त्या शिंकेने शिकवलं.

रविवारी मात्र तो मिलच्या संघाकडून खेळायचा. मॅटिंगच्या विकेटवर, कस्तुरचंद पार्कात नाहीतर रेल्वेच्या मैदानात. तिथे कोणी चेंडू घासायला सांगत नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक टोक त्याचं.

अठ्ठ्याहत्तर साली एका रविवारी जयवंता पहिल्यांदाच मैदानावर आली. मोठी पोरगी मॅट्रिक पास झाली होती आणि ही बातमी तिला घरात धरवेना. चंद्रभानचं षटक चालू होतं. ती पदर डोक्यावर घेऊन दोरीपाशी उभी राहिली. तिने त्याला धावत येताना पाहिलं, उडी घेताना पाहिलं, आणि स्टंप कोलांट्या घेत मागे गेलेला पाहिला. मग तो तोंड आभाळाकडे करून मोठ्याने हसला.

षटक संपल्यावर तो तिच्याकडे धावत आला. "काय झालं वं? काहून आली?"

"पास झाली पोरगी. सेकंड क्लास." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्ही असं हसता, हे मले मालूमच नव्हतं."

"घरी हसतो ना."

"घरी असं नाही हसत." ती परत निघाली, आणि दहा पावलांवर वळून म्हणाली, "जा, तिकडं बलावून राहिले तुमाले."

त्यानंतर ती कधी मैदानावर आली नाही. पण शनिवारी त्याच्या गुडघ्याला बांधायची पट्टी धुऊन वाळत पडलेली असे.

गुडघ्यात दोनदा पाणी झालं. डॉक्टरांनी सांगितलं, बंद करा. मिलच्या साहेबाने सांगितलं, आता अंपायरिंग करा. चंद्रभान दोघांनाही मान डोलवून "बरं" म्हणाला आणि रविवारी सायकल काढली.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात हिंगण्याला कारखान्यांची स्पर्धा होती. समोर एका नव्या कंपनीचा संघ, पांढरेशुभ्र कपडे, सगळ्यांचे बूट सारखे. त्यांचा ओपनर पंचवीस-सव्वीस वर्षांचा अधिकारी होता, विद्यापीठाकडून खेळलेला. चंद्रभानचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. पट्टी बांधलेल्या पायाने तो रन-अप मोजत लांब लांब चालत गेला, तसा ओपनर यष्टिरक्षकाला म्हणाला, "काका वहाँ से आयेंगे? पहुँचेंगे ना?"

पहिला चेंडू त्याच्या छातीवरून गेला. तो हसला, पण बॅट खाली ठोकायला विसरला.

दुसरा टप्प्यावरून उसळून त्याच्या ग्लोव्हजवर बसला. तो हात झटकत लेगला दूर चालत गेला आणि परत यायला त्याने बराच वेळ लावला.

तिसऱ्या चेंडूवर त्याने कसंबसं डोकं काढून घेतलं. टोपी मात्र पडली. तो टोपीकडे पाहत राहिला. मग त्याने ती उचलली, झटकली, आणि डोक्यावर न घालता पंचांकडे हात वर केला. तंबूकडे वळून त्याने मोठ्याने सांगितलं, "हेल्मेट भेजो."

हेल्मेट तेव्हा टीव्हीवर दिसायचं, परदेशी तोफखान्यासमोर. हिंगण्याच्या मैदानावर ते कोणी घातलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कंपनीच्या साहेबाने हौसेने घेतलेलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं पांढरं हेल्मेट घेऊन त्यांचा बारावा खेळाडू धावत आला.

ओपनरने ते डोक्यावर चढवलं. हनुवटीखालचा पट्टा काही बसेना. ग्लोव्हज काढून त्याने पुन्हा प्रयत्न केला. शेवटी बारावा खेळाडू खाली वाकून त्याला पट्टा लावून देऊ लागला.

"चंद्रभानजी, दोन मिनिट," पंच ओशाळून म्हणाले. "पट्टा अडकला वाटते."

चव्वेचाळीस वर्षांचा चंद्रभान गजभिये दूर, रन-अपच्या टोकाला उभा होता. त्याने चेंडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"घाई नाही," तो म्हणाला. "नीट बांधू द्या त्याले."