तक्त्यावर नसलेला झेंडा

मित्रांनो, मी एक विटलेला झेंडा आहे. अंग निळं, खालून वर चढलेला एक लाल त्रिकोण आणि त्याच्या टोकातून फुटलेले पाच पिवळे किरण. लाल त्रिकोण म्हणजे ज्वालामुखी. मादागास्करच्या पूर्वेला समुद्रात रियुनियन नावाचं एक बेट आहे, मी तिथला. ते बेट फ्रान्सचाच भाग आहे. तिथल्या कित्येक नगरपालिका मला अभिमानानं फडकावतात, पण देशांच्या रांगेत मला जागा नाही. त्यामुळे जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न ठरलेला असतो, तू कुणाचा?

माझा जन्म मात्र शारजातल्या रोल्ला बाजारात झाला, खैरुद्दीनच्या शिवणाच्या दुकानात. जहांआरा नावाच्या म्हाताऱ्या बाई मोबाइलवर या झेंड्याचा फोटो घेऊन तिथं आल्या. त्यांचा जन्म त्या बेटावरचा. रत्नागिरीच्या एका खलाशाशी निकाह करून त्या एकोणिसाव्या वर्षी कोकणात आल्या आणि गावानं त्यांचं नाव ‘बेटवाली’ ठेवलं. आता त्या शारजातच मुलाकडे, फहदकडे राहत होत्या. नातीच्या, एमानच्या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या देशाचा झेंडा घेऊन चालणार होतं. तिनं एकदा तरी आपल्या बेटाचा झेंडा हातात धरावा, एवढंच त्यांना हवं होतं.

खैरुद्दीननं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. त्यावर जगातल्या सगळ्या देशांचे झेंडे छापलेले होते.

“भाभी, चार्टवर नाही तो झेंडा नाही.”

“चार्ट बघून जन्मले नाही मी. तुम्ही शिवा.”

त्यानं कुरकुरत काम मशीनवरच्या कारागिराकडे, नागेशकडे टाकलं. आता त्या दुकानाची रीत अशी, की तक्त्यावर नसलेला झेंडा आला की तो अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या कुठल्यातरी कंपनीच्या क्रिकेट टीमचाच असायचा. त्यावर नाव रंगवायला एक पांढरी पट्टी लागायची. नागेशनं काही विचारलं नाही. त्यानं माझ्या ज्वालामुखीवर आडवी पट्टी शिवून टाकली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जहांआरा मला न्यायला आल्या आणि ती पट्टी त्यांना दिसली. त्यांनी स्टूल ओढलं, समोर बसून पट्टी उसवून घेतली आणि जाताना सलामही केला नाही. पण सॅटिनच्या कापडावर सुईची भोकं राहतातच. लाल त्रिकोणावर भोकांच्या दोन रांगा उरल्या.

घरी माझं स्वागत सून जुलेखानं केलं.

“हा कुठल्या कंपनीचा आणलात, अम्मी?” भोकांवरून बोट फिरवत ती म्हणाली. “सगळी पोरं देश घेऊन चालणार आणि आपली काय बेट घेऊन? पासपोर्ट इंडियाचा, झेंडा इंडियाचा. खलास.”

फहद फोनमध्ये बघत बसला. एमाननं हळूच विचारलं, “दादी, इज इट अ रिअल कंट्री?”

“नाही,” जहांआरा म्हणाल्या. “देश नाही तो. माझं घर आहे.”

सकाळी त्यांनी मला स्वतः इस्त्री केली आणि नातीबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. तिथं अनुराधा टीचर यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला उलगडून पाहिलं, यादी वरून खाली वाचली आणि हा कोणता देश म्हणून विचारलं. मागची मुलं माझ्या भोकांकडे बघून खुसखुसू लागली. एमानचे कान लाल झाले.

“नो मॅम,” ती म्हणाली. “इट्स अ कंपनी फ्लॅग. दादी गॉट इट बाय मिस्टेक.”

जहांआरा दोन पावलं मागेच उभ्या होत्या. टीचरनी एमानच्या हाती तिरंगा दिला आणि मला घडी करून म्हाताऱ्या बाईंना परत केलं. मला काखेत धरून त्या घरी परतल्या.

पुढे जुलेखानं मला बाल्कनीत वाळत घातलेल्या सुकटीवर झाकायला घेतलं. इथल्या उन्हात निळा रंग किती दिवस टिकणार? पिवळे किरण तर पहिल्याच उन्हाळ्यात गेले. त्याचं मला दुःख नाही. कापड आहे, विटणारच.

दुःख वेगळं आहे. शाळेतल्या त्या कार्यक्रमाच्याच आठवड्यात एमान बाल्कनीत आली, दादीजवळ बसली आणि विचारू लागली, ज्वालामुखी खरंच जळतो का, तुझं घर त्याच्या किती जवळ होतं, तिथली मुलं काय बोलतात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जहांआरा सुकटीतले खडे वेचत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “विसरले मी.”

त्या विसरल्या नव्हत्या. इस्त्री करताना त्या ज्या भाषेत गुणगुणत होत्या, ती मी ऐकली आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दूरवरून आलेलं असेल, तर तिथलं सगळं त्यांना वेळेवर विचारा आणि चारचौघांतही त्या गावाचं नाव मोठ्यानं घ्या. माणसं आपलं गाव पुन्हा पुन्हा देऊ करत नाहीत. एकदा हात आखडला की मागूनही मिळत नाही.